तीन फर्निचर म्हणजे तीन काय?

या वेळचं पत्र जरा कापून देतेय, मूळ बरंच लांब होतं:

"ताई नमस्कार. मी मूळचा बार्शीचा, बारावीपर्यंत मराठी मीडियम. दोन वर्षं झाली पुण्यात आहे, कर्वेनगरला रूमवर राहतो आणि खराडीला एका कंपनीत सपोर्टला आहे. मागच्या आठवड्यात क्लायंटला मेल टाकला तर आमच्या टीम लीडने तो मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर स्क्रीनवर उघडला आणि चार ठिकाणी लाल केलं. इन्फॉर्मेशन्स, फीडबॅक्स, इक्विपमेंट्स आणि 'आय हॅव टू वर्क्स ऑन मंडे'. म्हणाला हे सगळे अनकाउंटेबल आहेत, एस लागत नाही. पण ताई, फीडबॅक दोन आलेत तर दोन लिहायचं नाही का? आणि फर्निचर तर डोळ्यांना दिसतं, हाताने मोजता येतं, मग ते अनकाउंटेबल कसं? नेटवर बघितलं तर सगळे म्हणतात 'पीस ऑफ' लावा. मी 'पीस ऑफ ट्रॅफिक' लिहिलं तर रूममेट लोळून हसला. लेस आणि फ्यूअरमध्ये पण डोकं चालत नाही. आता मेल लिहायला बसलो की हातच थांबतो. ता. क. रूममेट म्हणतो हॉटेलात 'टू कॉफीज' म्हणणं चूक आहे. खरंय का?"

अरे, आधी त्या टीम लीडचं बोलते आणि मग विषय संपवते. चूक दाखवली ते ठीक, ते त्याचं कामच आहे, पण चारचौघांत स्क्रीनवर उघडून लाल करायची काही गरज नव्हती, बाजूला घेऊन दोन मिनिटांत सांगून झालं असतं. आणि "एस लागत नाही" एवढंच सांगून सोडून देणं म्हणजे मंडईत जाऊन "वांगी घेऊ नका" म्हणून सांगायचं आणि मग काय घ्यायचं ते सांगायचंच नाही. तुझा खरा प्रश्न तोच आहे ना, की एस काढला, बरं, पण मग दोन कसे सांगू?

मी पण मराठी मीडियमचीच. बावीस वर्षांची असताना लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत एका छोट्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले होते, इंग्रजी पत्रं टाइप करायची आणि छोटी-मोठी स्वतःच लिहायची. एकदा ऑफिसला दोन खुर्च्या आणि एक कपाट हवं होतं. मी मोठ्या ऐटीत दुकानदाराला पत्र धाडलं, 'प्लीज सप्लाय थ्री फर्निचर्स'. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या माणसाचा फोन, मराठीतच, "बाई, तीन फर्निचर म्हणजे तीन काय?" त्या माणसाला व्याकरणाचं काही पडलेलं नव्हतं, त्याला टेम्पोत काय भरायचं तेवढंच कळून घ्यायचं होतं. पण नंतर मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, या विषयावर इतका नेमका प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारला नाही.

कारण गोम तिथेच आहे. फर्निचर हे कुठल्या एका वस्तूचं नाव नाहीच मुळी. खुर्ची, टेबल, कपाट, पलंग या सगळ्यांच्या ढिगाचं ते नाव आहे. ढिगाला तीन म्हटलं की समोरचा विचारणारच, तीन काय? तू म्हणतोस डोळ्यांना दिसतं, मोजता येतं. बरोबर आहे, पण तू मोजतोस त्या खुर्च्या. अनकाउंटेबल या शब्दानेच पोरांचा घोटाळा होतो, त्यांना वाटतं जे मोजता येत नाही ते, म्हणजे हवा, पाणी, प्रेम वगैरे, आणि मग कोणीतरी हमखास विचारतं की "मॅडम, मनी अनकाउंटेबल कसं, आमचे पप्पा तर रोज मोजतात." पप्पा नोटा मोजतात बाळा, रुपये मोजतात. वस्तू मोजता येते की नाही हा प्रश्नच नाहीये, तो शब्द आपल्या डोक्यावर आकडा बसू देतो की नाही एवढंच बघायचं.

आणि आता गंमत बघ, हे सगळं तुला मराठीत न शिकवता येतं. स्वारगेटला एसटीतून उतरलास आणि हमाल आला तर तो काय विचारतो? "किती सामान आहे?" किंवा "किती नग आहेत?" जुना माणूस असला तर म्हणेल "किती डाग?" आणि तू म्हणतोस चार नग, चार डाग. "चार सामानं" असं बार्शीचा काय नि पुण्याचा काय, कोणी म्हणत नाही. सामान हा मराठीतला अनकाउंटेबल आहे आणि डाग हा त्याचा 'पीस'. 'फोर पीसेस ऑफ लगेज' म्हणजे शब्दशः सामानाचे चार डाग, काही वेगळं नाही. वर मजा अशी की हाच डाग आपण सोन्यालाही लावतो, "लग्नात तिच्या अंगावर दोनच डाग होते", आणि इंग्रजीतही ज्वेलरीला पीसच लागतो. माझी आजी दागिन्यांचा आणि ट्रंकांचा हिशोब एकाच शब्दात करायची, तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता.

माहिती घे. "मला दोन माहित्या हव्या होत्या" म्हणशील का? नाही ना. "थोडी माहिती हवी होती," "दोन गोष्टींची माहिती हवी होती" असंच म्हणणार. मग इंग्रजीत गेल्यावर इन्फॉर्मेशनला एस कसा चिकटला? मला विचारशील तर तो मराठीतून आलेलाच नाही, तो शाळेतल्या "अनेकवचन करताना एस लावा" या एका ओळीतून आलाय, ती ओळ आपल्या इतकी अंगात मुरलीये की जास्त दिसलं की हात आपोआप एसकडे जातो. आणि फक्त आपणच असं करतो असंही समजू नकोस, फ्रेंच आणि जर्मन माणसंसुद्धा इंग्रजी बोलताना इन्फॉर्मेशन्स म्हणून अडकतात, कारण त्यांच्या भाषेत त्या शब्दाचं अनेकवचन अगदी राजरोस होतं.

पण सगळंच असं मराठीच्या सोबतीने चालत नाही, काही ठिकाणी मराठीच पाय ओढते आणि ती ठिकाणं माहीत असली की अर्धं काम होतं. आपण काय म्हणतो? तांदूळ संपले. पोहे भिजवले. गहू दळून आणले. केस कापले. पैसे उडाले. सगळी अनेकवचनं! आणि इंग्रजीत राइस, व्हीट, हेअर, मनी, सगळे एकवचनी ढीग. म्हणून मग आपल्या तोंडून 'द राइस आर ओव्हर' आणि 'माय हेअर्स आर फॉलिंग' येतं, ते येणारच, कारण मराठीत आपण तांदळाचा दाणा दाणा बघतो आणि इंग्रज अख्खं पोतं बघतो. उलट डाळ बघ, आपल्याकडे डाळ शिजली, एकच, आणि इंग्रजीत मात्र लेंटिल्स आर. यात काही लॉजिक शोधत बसू नकोस, इंग्रजीला स्वतःलाच ते नाहीये. व्हीट एकवचनी आणि ओट्स अनेकवचनी, दोन्ही धान्यंच! मटाराचं तर भारीच झालं. जुन्या इंग्रजीत मटाराला पीज असाच अख्खा शब्द होता, राइससारखा ढिगाचा, मग सतराव्या शतकाच्या आसपास लोकांना वाटायला लागलं की शेवटचा तो आवाज म्हणजे अनेकवचनाचा एस आहे, आणि त्यांनी तो कापून एका दाण्याला पी म्हणायला सुरुवात केली. म्हणजे एका चुकीच्या समजुतीतून काउंटेबल तयार झाला आणि आज तोच बरोबर. तुझ्या फीडबॅक्सला पण कदाचित असे दिवस येतील, पण तोपर्यंत क्लायंटला थांब म्हणता येणार नाही.

काम हा दुसरा सापळा, तुझा मंडेवाला. "सोमवारी दोन कामं आहेत" हे मराठीत इतकं साधं आहे की आपण ते उचलून ठेवतो, टू वर्क्स. वर्क्स हा शब्द इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ वेगळा, कारखाना किंवा बांधकामं किंवा मग एखाद्या लेखकाच्या सगळ्या कलाकृती. पीडब्ल्यूडीमधला डब्ल्यू तोच, पब्लिक वर्क्स. म्हणजे तुझ्या क्लायंटने वाचलं असेल की हा मुलगा सोमवारी दोन कारखाने चालवतो. आणि नेटवाल्यांचं ऐकून इथे 'पीस ऑफ वर्क' करू नकोस बरं का, 'अ पीस ऑफ वर्क' माणसाबद्दल म्हटलं तर ते कौतुक नसतं, 'नॅस्टी' त्याच्या आधी लागलं तर तो चक्क नालायक माणूस. कामाला सरळ थिंग्स म्हण, टास्क्स म्हण, जॉब्स म्हण, ते मोजू देतात.

आता 'पीस ऑफ'. नेटवर जे सांगतात ते अर्धं खरं आहे. ॲडव्हाइस, इन्फॉर्मेशन, फर्निचर, इक्विपमेंट, लगेज, एव्हिडन्स, न्यूज, म्युझिक, एवढ्यांना पीस चालतो, बिनधास्त. पण पीस म्हणजे काही आधार कार्ड नाही, सगळीकडे दाखवलं की आत सोडतील. ट्रॅफिकचा डाग असतो का? नळस्टॉपला तू संध्याकाळी साडेसहाला अडकलास तर रूमवर येऊन काय सांगतोस, "तुफान ट्रॅफिक होतं" एवढंच. इंग्रजीतही तेवढंच, 'अ लॉट ऑफ ट्रॅफिक' नाहीतर 'हेवी ट्रॅफिक', आणि मोजायचीच हौस असेल तर गाड्या मोजायच्या, व्हेइकल्स. तुझा रूममेट हसला ते बरोबरच हसला, पण त्याला विचार की मग बरोबर काय ते सांग, माझी खात्री आहे तो पण गप्प बसेल.

बाकीच्या शब्दांना प्रत्येकाचं आपापलं माप असतं, आणि इथे मराठी माणसाला घाबरायचं काही कारणच नाही, आपण तर मापांच्या बाबतीत श्रीमंत. तू एक दिवस सकाळी मंडईत जाऊन नुसता उभा राहा आणि ऐक. कोथिंबिरीची जुडी, लसणाचा गड्डा, त्यातली पाकळी, आल्याचा तुकडा, केळ्याची फणी, द्राक्षाचा घड, गुळाची ढेप आणि त्यातला खडा. घरी ये, भाताची मूद, पोळ्यांची चवड, साबणाची वडी, चिमूटभर मीठ, ओंजळभर फुलं. कापडाचा तागा, कागदाचा ताव, लाकडाची मोळी. माझ्या आजीच्या काळात धान्य मापानेच द्यायचे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, आणि मापटं कोणाला दिलं आणि कोणाकडून आलं ते तिला सहा महिने लक्षात असायचं. तर लसणाच्या पाकळीला इंग्रजीत क्लोव्ह म्हणतात, आणि मसाल्याची लवंग पण क्लोव्हच, त्यामुळे रेसिपी वाचून कोणीतरी भाजीत पाच लवंगा घातल्याचे प्रकार होतात. चिमटीला पिंच, अगदी आपलंच. वडीला बार, ब्रेडचा अख्खा पाव म्हणजे लोफ आणि कापलेला स्लाइस, तांदळाचा दाणा ग्रेन, कागदाचा ताव शीट. आणि ती केळ्याची फणी आहे ना, आपल्याला ती कंगव्यासारखी दिसली म्हणून फणी, इंग्रजीत केळ्याच्या व्यापारात तिला हँड म्हणतात आणि एकेका केळ्याला फिंगर. त्यांना तिथे पंजा दिसला. आणि तो आपला 'भर' आहे ना, चमचाभर, मूठभर, तोच त्यांचा 'फुल', स्पूनफुल, हँडफुल. भर लावता येत असेल तर बहुतेक वेळा फुल लागतो, बहुतेक म्हणतेय, दिवसभरला डेफुल लिहू नकोस.

एक नियम मात्र घोटून ठेव, त्यात सूट नाही. आकडा आणि एस दोन्ही मापाला लागतात, ढिगाला कधीच नाही. 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस', 'थ्री स्लाइसेस ऑफ ब्रेड'. माझ्याकडे 'टू पीस ऑफ ॲडव्हाइसेस' लिहिणारी मुलं इतकी यायची की मी फळ्यावर पोतं काढून दाखवायचे, पोती दोन झाली म्हणून आतली साखर "साखऱ्या" होते का? क्रियापद पण मापाच्या मागे जातं, 'टू बॅग्स ऑफ राइस आर इन द किचन', पण माप नसेल आणि नुसता ढीग असेल तर 'द राइस इज'. फक्त सगळं मिळून एकच रक्कम किंवा एकच अंतर म्हणून बोलत असशील तर एकवचन लागतं. कर्वेनगर ते खराडी निदान १५ किलोमीटर तरी असेल, 'फिफ्टीन किलोमीटर्स इज अ लॉट ऑन अ बाइक', आर नाही, कारण तू एकेक किलोमीटर सुटा बघत नाहीयेस, अख्खा वैताग एकत्र बघतोयस.

आता तुला खरा सल्ला देते, म्हणजे 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', आणि हा माझा वैयक्तिक, व्याकरणाच्या पुस्तकातला नाही. पीस वापरायची वेळ शक्यतो येऊच देऊ नकोस. चूक आहे म्हणून नाही, पण एका मेलमध्ये तीन वेळा पीस ऑफ, पीस ऑफ, पीस ऑफ आलं की वाचणाऱ्याला कळतं हा कालच शिकून आलाय. बोलीत आणि ऑफिसात ९० टक्के वेळा 'सम' पुरतो, 'सम इन्फॉर्मेशन', 'सम फीडबॅक', 'सम ॲडव्हाइस', आपलं "जरा", "थोडं" तेच. (तो टक्का माझ्या अंदाजाने आहे हं, मोजायला कोणी बसलेलं नाही.) आकडा सांगायलाच हवा असेल तर ढिगाचा शब्द सोडून त्याचा मोजता येणारा भाऊ उचल. फर्निचर सोडून चेअर्स, लगेज सोडून बॅग्स, ॲडव्हाइस सोडून टिप्स किंवा सजेशन्स, इन्फॉर्मेशन सोडून डिटेल्स, इक्विपमेंट सोडून मशीन्स किंवा डिव्हाइसेस, फीडबॅक सोडून कॉमेंट्स. आपल्या आयटीवाल्यांचे ठरलेले म्हणजे सॉफ्टवेअर्स आणि कोड्स. सॉफ्टवेअरला प्रोग्रॅम्स किंवा ॲप्स म्हण आणि कोडच्या ओळी असतात, 'टू हंड्रेड लाइन्स ऑफ कोड'. कोड्स म्हटलं की ते पिनकोड आणि ओटीपीसारखे कोड होतात. डेटाची मात्र काळजी करू नकोस, जुनी मंडळी 'डेटा आर' म्हणतात, कारण लॅटिनमध्ये ते अनेकवचन, पण तुमच्या ऑफिसात 'डेटा इज' म्हटलं तर कोणी लाल करणार नाही, केलं तर माझं नाव सांग.

लेस आणि फ्यूअर पटकन सांगते, त्यात फार काही नाही. ढिगाला लेस, मोजायच्या गोष्टींना फ्यूअर. भाजीत 'लेस सॉल्ट', रिलीजमध्ये 'फ्यूअर बग्स'. पण वेळ, अंतर, पैसे आले की आकडा असूनही लेसच, 'लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज', कारण पुन्हा तेच, एक रक्कम म्हणून बघतोयस. आणि या नियमाचा फार बाऊ करणारे भेटले तर त्यांना सांग की इंग्रजीत हजार वर्षांपासून लोक मोजायच्या वस्तूंनाही लेस लावत आलेत, १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या माणसाने लिहिलं की मला बाबा इथे फ्यूअर जास्त शोभून दिसतं, नुसती आवड सांगितली त्याने, आणि पुढच्या मास्तर लोकांनी त्याचा कायदा करून टाकला. इंग्लंडात दुकानांत थोडंच सामान घेणाऱ्यांच्या बिलाच्या रांगेवरच्या 'टेन आयटम्स ऑर लेस' या पाटीवरून अजून भांडणं होतात, टेस्को नावाच्या मोठ्या दुकानवाल्यांनी तर २००८ मध्ये कंटाळून 'अप टू टेन आयटम्स' करून टाकलं, ना लेस ना फ्यूअर. पुणेरी पाटीवाल्यांनी कौतुक करावं असा तोडगा. पण क्लायंटच्या मेलमध्ये तू आपला नियम पाळ.

त्यापेक्षा मला 'लिटल' आणि 'अ लिटल' जास्त धोक्याचं वाटतं, आणि ते कोणी सांगत नाही. 'वी हॅव अ लिटल इन्फॉर्मेशन' म्हणजे थोडीफार माहिती आहे, चला काहीतरी हाताशी आहे. 'वी हॅव लिटल इन्फॉर्मेशन' म्हणजे फारशी माहितीच नाही, हात वर. एवढासा 'अ' गळला आणि क्लायंटला वाटलं तुमच्याकडे काहीच नाही. सपोर्टच्या नोकरीत हे महागात पडू शकतं. मोजायच्या गोष्टींत हाच खेळ 'फ्यू' आणि 'अ फ्यू'चा.

आणि हे सगळं पाठ करत बसू नकोस, कुठला शब्द ढिगाचा आणि कुठला मोजायचा हे अंदाजाने कळत नाही, मलाही अजून बघावं लागतं. अप्पा बळवंत चौकात गेलास तर शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी घे, त्यात नामापुढे छोटासा सी नाहीतर यू असतो, सी म्हणजे काउंटेबल आणि यू म्हणजे अनकाउंटेबल, मोबाइलवरच्या ऑक्सफर्डमध्येही असतो. ही सोय आपल्यासारख्या परक्यांसाठीच आली. हॉर्नबी नावाचे एक इंग्रज मास्तर जपानात शिकवत होते, त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तिथल्या मुलांसाठी डिक्शनरी केली, ती १९४२ मध्ये टोकियोत निघाली आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढली, त्यात नामांना ही खूण होती. जपानी मुलांना ती लागणारच होती, कारण जपानीत एस वगैरे भानगडच नाही, उलट प्रत्येक वस्तू मोजायला वेगळं माप लागतं, चपट्या वस्तूंना माई, लांबट वस्तूंना होन. आपल्या पुण्यात जपानी शिकणारे गल्लोगल्ली आहेत, तुमच्या ऑफिसातही एखादा असेल, त्याला विचार, तो स्वतःच्या रडकथा ऐकवेल आणि तुला जरा बरं वाटेल.

डिक्शनरीत एकाच शब्दापुढे सी आणि यू दोन्ही दिसले तर गोंधळू नकोस, अर्थ बदलतो. पेपर म्हणजे कागद, यू, आणि परीक्षेचा किंवा सकाळचा पेपर, सी. हेअर म्हणजे डोक्यावरचे केस, यू, पण मेसच्या आमटीत सापडला तर 'अ हेअर', एकच असला तरी पुरे. एक्स्पीरियन्स म्हणजे कामाचा अनुभव, रेझ्युमेमध्ये लिहितोस तो यू, 'टू इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स', इथे परत वर्षांना एस आणि अनुभवाला नाही, बघ. चांगले-वाईट आलेले अनुभव सी. आणि 'आय एट चिकन' म्हण, 'आय एट अ चिकन' म्हटलंस तर ती अख्खी कोंबडी झाली, पिसांसकट नसेल एवढंच.

आता तुझा मेल. मी तुझी चारही वाक्यं बसून परत लिहिली. 'द इन्फॉर्मेशन यू आस्क्ड फॉर इज बिलो. वी रिसीव्ड फीडबॅक फ्रॉम टू यूजर्स. ऑल द इक्विपमेंट हॅज बीन चेक्ड. आय हॅव टू अदर थिंग्स टू फिनिश ऑन मंडे, सो आय विल रिप्लाय ऑन ट्यूजडे.' दोन फीडबॅक आलेत हे लिहायचं नाही का, असं विचारलं होतंस ना, बघ, दोन आलंय, फक्त ते यूजर्सच्या डोक्यावर जाऊन बसलंय, फीडबॅक तसाच्या तसा. आणि पीस एकदाही लागला नाही. हा मेल पुढच्या वेळी टीम लीडला आधी एकट्याला पाठव, "सर बघता का जरा" म्हणून, मग तो स्क्रीनवर उघडायला जाणार नाही.

आणि ता. क.चं उत्तर. 'टू कॉफीज' बरोबर आहे. हॉटेलात कप हा शब्द गिळून टाकला तरी सगळ्यांना कळतो, अमृततुल्यवर उभा राहून तू "दोन चहा दे" म्हणतोस तेव्हा कप म्हणतोस का? "चार कटिंग" म्हणतोस तेव्हा तर चहा पण म्हणत नाहीस. तसंच आहे ते. दुकानात जाऊन पावडर घ्यायची असेल तर मात्र 'सम कॉफी' नाहीतर 'हाफ अ किलो ऑफ कॉफी', तिथे कॉफीज नाही. रूममेटशी पैज लावली असशील तर फर्ग्युसन रोडला जा, ऑर्डर तू दे, इंग्रजीत दे, आणि दोन्ही कॉफींचं बिल त्याला भरू दे.